दादासाहेबांच्या कानावरचं बी

"बारशाला नात पयली मी उचलणार! लिहून घ्या!"

धरणाच्या रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर दादासाहेबांनी हे जाहीर केलं, तेव्हा माजी सरपंच अण्णासाहेब बशीतला चहा ओढता ओढता इतके हसले, की निम्मा चहा धोतरावर गेला.

हसण्यासारखं होतंच. दादासाहेबांची लेक गौतमी महाळुंग्याला अकराव्या मजल्यावर राहायची. तिला मुलगी झाली, आणि तिसऱ्याच दिवशी तिने बापाला फोनवर सांगून टाकलं होतं, "दादा, तोंडाला तंबाखूचा वास आला तर बाळ हातात मिळणार नाही. मग रडू नका!" आणि दादासाहेब म्हणजे चाळीस वर्षं गालात तंबाखू धरून बोलणारा माणूस. गोठ्यातली कपिली गायसुद्धा ते जवळ आले की तोंड फिरवायची!

बारसं पंधरा दिवसांवर आलं होतं. बायको सगुणाबाई बाळंतिणीचं करायला महाळुंग्याला गेलेली. जाताना तिने बजावलं होतं, "सोडा आता ते घाण याड!" हे बोलताना तिच्या स्वतःच्या बोटाला भाजलेल्या तंबाखूची मिश्री होती, पण ती गोष्ट वेगळी. दिवसातून तीनदा मागच्या दारी मिश्री लावणं हे तिच्या मते दात घासणं होतं.

तर दादासाहेबांनी पिरंगुट गाठलं. चौकात वरच्या मजल्यावर उत्कर्षा नावाच्या डॉक्टरीणबाई सुया टोचून उपचार करत. कारखान्यातले कामगार वाकून जिना चढायचे आणि ताठ होऊन उतरायचे, असा त्यांचा लौकिक होता. तंबाखूवरही त्यांचा इलाज होता.

"काका, सुईची भीती नाही ना?"

"भीती? आवो, म्हशीला विंजेक्शन देताना शिंगं मी धरतो!"

उत्कर्षाबाईंनी केसासारखी बारीक सुई पुढे केली. दादासाहेबांनी ती पाहिली, "लई उकडतंय हितं," एवढं म्हणाले, आणि खुर्चीवरून घसरत घसरत जमिनीवर शांतपणे आडवे झाले.

डोळ्यांवर पाणी मारून उठवल्यावर बाईंनी दुसरा मार्ग काढला. मोहरीएवढ्या काळ्या पाच बिया डाव्या कानाच्या पाळीच्या आतल्या बाजूला ठेवल्या आणि वरून चिकटपट्टी लावली. "तलफ आली की या दाबायच्या. बिंदूवर दाब पडला पाहिजे."

"बी कुटलं म्हनायचं हे?"

"चीनमधून येतं, काका."

दादासाहेबांचा चेहरा पडला. ज्याच्या इंद्रायणी भाताला तालुक्यात पहिलं बक्षीस मिळालेलं, त्याच्या कानावर परमुलखाचं बी! पण नातीसाठी त्यांनी तेही सोसलं. तलफ आली की दाबायचं. चहानंतर दाबायचं, जेवणानंतर दाबायचं, अण्णासाहेब समोर चुना मळायला बसले की दोन्ही हातांनी दाबायचं. आणि काय सांगावं, तीन दिवस तंबाखूला खरंच हात लागला नाही!

चौथ्या दिवशी अंघोळ करताना त्यांनी सवयीने कान खसाखसा घासला. पट्टी आणि बिया मोरीतून थेट केळीच्या बुंध्यात गेल्या!

लगेच फोन लावला. उत्कर्षाबाई आठवडाभर माहेरी संगमनेरला गेलेल्या. त्या म्हणाल्या, "घाबरू नका काका. मी येईपर्यंत नुसतं बोटाने दाबा. बी नसलं तरी चालतं."

फोन ठेवून दादासाहेब बराच वेळ विचार करत बसले. बी नसलं तरी चालतं? बियाशिवाय कधी काय उगवलंय का? शहरातल्या माणसांना शेतीतलं काही कळत नाही, हे त्यांचं जुनं मत पुन्हा एकदा पक्कं झालं.

ओसरीवर बादली भरलेली होती. जून लागलेला, रोपं टाकायची म्हणून इंद्रायणीचं बियाणं त्यांनी मिठाच्या पाण्यात घातलं होतं. पोकळ दाणा वर तरंगतो, भरीव दाणा तळाला जातो. त्यांनी तळातले पाच टपोरे दाणे निवडले, स्वच्छ पाण्यात खळबळले, आरशात बघून कानावर बसवले आणि वरून औषधाच्या दुकानातली रुंद चिकटपट्टी मारली. ती हलू नये म्हणून लोकरीची कानटोपी चढवली आणि हनुवटीखाली घट्ट बांधली. पावसात भिजली तरी काढायची नाही, असं ठरवूनच टाकलं.

आता तुम्ही विचाराल, चाळीस वर्षं भात पिकवणाऱ्या माणसाला एवढं कळू नये? पण बी वाफ्यात पडलं की पीक आणि कानावर बसलं की औषध, अशी त्यांच्या डोक्यात सरळ वाटणी होती.

आणि गुण आला! तिसऱ्या दिवशी कानाला गोड गुदगुल्या व्हायला लागल्या. त्यांनी संगमनेरला फोन केला. "बाई, कानात कायतरी वळवळतंय!"

"अरे वा!" उत्कर्षाबाई खूश झाल्या. "बिंदू जागा होतोय. चालू ठेवा!"

कपिलीनेही साक्ष दिली. तोंड फिरवणारी ती गाय आता दादासाहेब दिसले की हंबरून जवळ यायची आणि कानटोपी चाटायची. "बघा, तंबाखूचा वास गेला म्हनून जनावर माया करतंय," असं दादासाहेब टपरीवर डोळे पुसत सांगू लागले.

हे ऐकून अण्णासाहेब विरघळले. त्यांचा उजवा गुडघा गेली सहा वर्षं संपावर होता. ते हळूच म्हणाले, "दादा, गुडघ्याचंबी हाय का वं काय तुमच्या बियान्यात?"

"इंद्रायनीत काय न्हाई?" दादासाहेबांनी त्यांच्या उजव्या कानावर सात दाणे बसवले. गुडघा मोठा म्हणून दोन जास्त!

रविवारी दोघं कानटोप्या घालून महाळुंग्याला पोहोचले. सोसायटीच्या हॉलमध्ये पाळणा सजला होता. जावई ऋषिकेशच्या बहिणीने, मृण्मयीने, बाळाच्या कानात नाव सांगून कुर्र केलं, घुगऱ्या वाटल्या, आणि गौतमी बाळाला घेऊन बापासमोर उभी राहिली.

"दादा, आ करा."

दादासाहेबांनी आ केला. गौतमीने वास घेतला. पुन्हा घेतला. तिच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "खरंच सोडलीत!"

दादासाहेबांनी दोन्ही हात पुढे केले. आयुष्यात पहिलं बक्षीस घेतानाही त्यांनी ते इतक्या घाईने पुढे केले नव्हते.

"पण आधी ती माकडटोपी काढा, बाळ घाबरेल," गौतमी म्हणाली.

दादासाहेबांनी नाडी सोडली आणि टोपी ओढली.

मृण्मयी किंचाळली. "अगं बाई! काकांच्या कानातून झाड!"

झाड नव्हतं, भाताची रोपं होती. चिकटपट्टीच्या वरून पाच फिकट हिरवे कोंब बोटभर वर आले होते, आणि खाली पांढऱ्या मुळांनी दादासाहेबांच्या कानातल्या केसांना गच्च मिठी मारली होती! हॉलमधले सगळे मोबाईल एकाच वेळी वर झाले. अण्णासाहेबांनी मात्र आपली टोपी दोन्ही हातांनी खाली ओढून धरली. सगुणाबाईने ती हिसकली, तर आत त्याहून दाट पीक!

"अवो, ह्ये काय करून आलाय दोघंजण!"

"माझा गुडघा दुखायचा थांबलाय हां पण!" अण्णासाहेब घाईघाईने म्हणाले आणि दोन उठाबशा काढून दाखवल्या.

गौतमी बाळाला छातीशी धरून दोन पावलं मागे सरकली. "दादा, कान आधी डॉक्टरांना दाखवा. तोवर बाळ नाही देणार मी."

दादासाहेबांचे पुन्हा पुढे केलेले हात तसेच रिकामे राहिले. तेवढ्यात दादासाहेबांनीच बारशाला बोलावलेल्या उत्कर्षाबाई संगमनेरहून थेट आल्या. त्यांनी कान पाहिला, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा पाहिला.

"काका, मी हे लावलं नव्हतं!"

मग बादली, मिठाचं पाणी, टपोरे दाणे, सगळं बाहेर आलं. उत्कर्षाबाईंनी हसू दाबत कोंबांसकट पट्टी सोडवली, कान पुसून तपासला. साधा ओरखडासुद्धा नव्हता.

"मंग औषध नव्हतंच म्हना की," दादासाहेब खाली बघत पुटपुटले. "फुकाट दाबत बसलो."

"पण काका, मग तंबाखू सुटली कशी?" उत्कर्षाबाईंनी विचारलं.

"कशी म्हंजे? तलफ आली की कान दाबायचो आन मनात म्हनायचो, नात उचलायची हाय, नात उचलायची हाय. दिसातनं शंभरदा म्हनलो असंन, पोरी."

गौतमीचे डोळे भरून आले. तिने पुढे होऊन बाळ बापाच्या हातात ठेवलं. दादासाहेबांचा ऊर इतका भरून आला की त्यांना धड हसताही येईना, रडताही येईना. बाळाने मात्र डोळे उघडले, उत्कर्षाबाईंच्या हातातल्या पट्टीवरचे कोंब पाहिले आणि त्यांतला एक मुठीत पकडला.

"बघा! लावनीला आत्ताच हात!" दादासाहेब ओरडले.

थोड्या वेळाने सगुणाबाईने नातीला आपल्याकडे घेतलं आणि लाडाने तोंडाशी तोंड नेलं. बाळ शिंकलं. एकदा, दोनदा, तीनदा!

गौतमी हळूच वळली. "आई, आ कर."

सगुणाबाईने तोंड घट्ट मिटून घेतलं. दादासाहेबांना इतका आनंद आयुष्यात कधी झाला नव्हता. "बाई," ते उत्कर्षाबाईंना म्हणाले, "हिच्याबी कानाला लावा बी! इंद्रायनी घरची हाय, मी देतो!"

सगुणाबाईने एकदा नातीकडे पाहिलं, एकदा नवऱ्याच्या कानाकडे, आणि पदर तोंडावर धरून म्हणाली,

"लावायचंच असंल तर मेथी लावा. भाजीला तरी व्हईल!"