माझ्या माहितीप्रमाणे

आमच्या यवतमाळच्या कॉलेजात चारित्र्याचा दाखला मागायला गेलं, की गावंडेबाबू आधी तुमच्या चपला बघायचे. मग चेहरा. मग म्हणायचे, "डाउट हाय."

बाकी कॉलेजांत हा दाखला पाच मिनिटांत मिळतो हो! छापील कागद, त्यावर नाव, साहेबांची सही, संपलं. पण त्या कागदावर एक ओळ असते, 'माझ्या माहितीप्रमाणे यांची वर्तणूक चांगली आहे.' कागद भरणारे गावंडेबाबू तिथंच अडायचे. "माहितीप्रमाणे म्हन्ते कागद. मले माहितीच नाही, त लिहू कायच्या भरवशावर?" आणि निघायचे माहिती काढायला. कॅन्टीनवाल्याला विचारणार, पोरगा कप जागेवर ठेवतो का? स्टँडवाल्याला विचारणार, धक्क्यानं दुसऱ्याची गाडी पडली तर उचलतो का?

मेडल, ढाल, भाषणाचं बक्षीस दाखवलं की काम आणखी लांबायचं. विद्यार्थी प्रतिनिधी झालेला एक देखणा पोरगा पाया पडला, तर बाबू दोन पावलं मागं सरकले. "इतका वाकते? याची त डब्बल चवकशी करा लागन."

मला दाखला हवा होता पोलीस भरतीसाठी. मी दारव्ह्याची, कॉलेजच्या कबड्डी संघातली. फॉर्मची शेवटची तारीख सोमवार, आणि बाबू म्हणाले, "पाहू." पाहू म्हणजे काय, कपाळ माझं!

दुसऱ्या दिवसापासून हा माणूस जिथं तिथं दिसायला लागला. मैदानाच्या कडेला छत्री उघडून उभा. एस.टी. स्टँडवर कंडक्टरशी कुजबुजत. कहर म्हणजे शुक्रवारी थेट दारव्ह्यात, आमच्या शेजारणीच्या ओट्यावर! आई म्हणाली, "हा बुढा कोन व्हय वं? तुह्याबद्दल काहून पुसून राह्यला?" मलाही संशय आला. दाखला अडवायला निमित्त तर शोधत नसेल?

शनिवारी अंतिम सामना झाला. शेवटच्या चढाईत समोरच्या पोरीची बोटं माझ्या टाचेला लागली आणि ती परत पळाली. पंचांना काही दिसलं नाही. मी हात वर केला आणि बाहेर गेले. एका गुणानं हरलो, ढाल गेली. परतताना जीपमध्ये माझ्या शेजारी कोणी बसेना. "मोठी आली हरिश्चंद्राची नात!" असं मागून ऐकू आलं, आणि मला रडूच फुटलं.

सोमवारी बाबूंनी दाखला पुढं सरकवला. "घे. लय खुश नको होऊ. डाउट अजून हाय."

पोलिसात उंचीनं दगा दिला. पुढं मी आमच्याच कॉलेजात, बाबूंच्या शेजारच्या टेबलावर लागले. मागच्या उन्हाळ्यात ते रिटायर झाले. जाताना दाखल्यांच्या सगळ्या स्थळप्रती, म्हणजे ऑफिसात ठेवलेल्या नकला, त्यांनी माझ्या ताब्यात दिल्या. मी आधी माझी शोधली. मागं पेन्सिलीनं लिहिलेलं होतं, 'हात लागला. पंचाले दिसलं नाही. पोरीनं सोताच सांगतलं. चांगली.'

डोळे भरून आले. "बाबू, तुम्ही पाहिलं होतं?"

"पाहासाठीच त उभा होतो."

मग त्यांनी खिशातून एक कोरा दाखला काढला. नाव तेवढं स्वतःचंच लिहिलेलं. "सगळ्यायचं पाह्यलं मी. माह्यं पाहाले कोनी नाही. बायको गेली तवापासून घरी कोनी येत नाही. तू करशीन चवकशी?"

"घरी यावं लागेल, बाबू."

"ये ना! रविवारी ये!" लगेच भुवया चढल्या. "इतक्या लवकर हो म्हन्ते? डाउट हाय."

तेव्हापासून मी दर रविवारी जाते. चहा ते स्वतः करतात, साखर नेहमी जास्त पडते. निघताना फाटकापर्यंत येतात आणि हळूच विचारतात, "झाली का वं चवकशी?"

"नाही बाबू," मी म्हणते. "अजून डाउट हाय."