मलाच तेवढं शेपूट नाही

माझी बायको शाल्मली डॅनिश शिकायला लागली तशी आमच्या घरातल्या वस्तूंना शेपटं फुटायला लागली.

पहिलं खुर्चीला फुटलं. डॅनिशमध्ये 'एन स्टोल' म्हणजे एक खुर्ची, कुठलीही. तीच खुर्ची म्हणायची असेल, तर पुढचं 'एन' उचलायचं आणि मागे लावायचं. 'स्टोलेन'. शाल्मलीने ते नीट लावलं आणि खुर्चीच्या पाठीमागून केसाळ शेपूट बाहेर आलं. टेबल 'एट'वालं निघालं. 'एट बोर्ड', 'बोर्डेट'. त्याला उंदरासारखं बारीक आलं.

"कुणाला एन, कुणाला एट, कसं ओळखायचं?" मी विचारलं.

"ओळखायचं नसतं. पाठ करायचं."

शाल्मलीला डेन्मार्कमध्ये, आरहूसला नोकरी लागली आहे, सप्टेंबरपासून. तिकडे शेपूट असलेलंच सोबत नेता येतं, बाकीचं कुणी ओळखत नाही. त्यामुळे ती रोज संध्याकाळी घरभर फिरून शेपटं लावायची. पोळपाटाला लागलं, छत्रीला लागलं, दाराबाहेरच्या पायपुसण्यालाही लागलं. मी मागे मागे फिरत होतो.

मग एकदा तिला आणायला क्लासला गेलो. सांगलीत डॅनिशचा क्लास एकच, विश्रामबागेत, रेगे मॅडमचा. जिन्यात प्रथमेश कोरे भेटला. तोही सप्टेंबरात आरहूसलाच चाललाय. त्याच्या पँटमधून शेपूट बाहेर आलं होतं. केसाळ, दाट, विंचरलेलं.

"हे कुणी दिलं?"

"शाल्मलीने," तो म्हणाला. "छान लावते ती."

 घरी आल्यावर मी शाल्मलीला विचारलं.

"त्याला का दिलंस?"

"अरे, वर्गात माणसाचं उदाहरण लागतं. समोर तो बसला होता."

"मला दे."

"मॅनेन," म्हणजे तोच माणूस, असं ती माझ्याकडे बघून म्हणाली. मी मागे हात लावून पाहिलं. काही नव्हतं. तिने पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने. खुर्चीचं तेवढं हललं.

दुसऱ्या दिवशी रेगे मॅडमनी मला उभं करून पाठीमागून तपासलं.

"तुमची ओळख कधीची?"

"बालवाडीपासून," शाल्मली म्हणाली.

"मग बरोबर. आधी 'एक माणूस' व्हावं लागतं, मगच 'तोच माणूस' होता येतं. हे तुझ्यासाठी 'एक' कधी झालेच नाहीत. बघण्याचा कार्यक्रम झाला होता?"

"लव्ह मॅरेज आहे," मी म्हणालो.

"तिथेच चुकलं. करून घ्या. आणि एकट्याने जाऊ नका. 'एक' व्हायला शेजारी दुसरा लागतो. प्रथमेशला घेऊन जा."

रविवारी मी आमच्याच घराची बेल वाजवली. सासूबाई खास तासगावहून आल्या होत्या. त्यांनी दार उघडलं.

"या, बसा. घर सापडायला त्रास नाही ना झाला?"

"नाही," मी म्हणालो. माझ्या घरातल्या चपला त्यांनी पायानेच कपाटाखाली सरकवल्या.

प्रथमेश सोफ्यावर माझ्या शेजारी बसला, शेपूट मांडीवर घेऊन. शाल्मली पोहे घेऊन आली, साडी नेसून. पोहे सकाळी मीच भिजवले होते.

"शाल्मलीने केलेत," सासूबाई म्हणाल्या.

"छान झालेत," मी म्हणालो.

"फारच छान," प्रथमेश म्हणाला.

"काय वळणदार शेपूट आहे हो तुमचं," सासूबाई त्याला म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "तुमचं काय?"

"प्रयत्न चालू आहेत."

"असू दे, असू दे. मुलामुलीला बोलू द्या जरा."

आम्हाला गॅलरीत पाठवलं. तिथे माझाच टॉवेल वाळत होता.

"तुम्हाला कशाची आवड आहे?" शाल्मलीने विचारलं.

"अगं, मी आहे."

"अगं नको. तुम्ही सध्या नुसते 'एक माणूस' आहात."

मी गाणी ऐकायला आवडतात म्हणालो. ती माझ्याकडे बघत राहिली. रस्त्यावरून जाणाऱ्या कुणाकडे बघावं तशी, मग जरा जास्त वेळ. बालवाडीपासून तिने मला असं कधीच पाहिलं नव्हतं.

"एन मॅन," ती हळूच म्हणाली. तिला खरंच तसं वाटलं असावं, कारण ती लाजली.

माझ्या पाठीच्या टोकाशी खाज सुटली.

"आता पुढचं म्हण. लवकर."

तिने तोंड उघडलं, तेवढ्यात आतून सासूबाईंचा आवाज आला. "शालू, लगेच काही बोलू नकोस गं! आपल्यात कळवायची पद्धत आहे."

शाल्मलीने तोंड मिटलं.

"कळवतो," सासूबाई मला दारात म्हणाल्या. प्रथमेश अजून आतच होता, त्याला दुसऱ्यांदा पोहे वाढले होते. दार लागलं.

मी जिन्यात बसलो आहे. आतून हसण्याचा आवाज येतोय. पायपुसणं माझ्याकडे बघून शेपूट हलवतंय. त्याचं सप्टेंबरचं नक्की आहे.

भिंतीला टेकलेलो नाही. मागे थोडी जागा सोडून बसलोय.