दोन्हीकडून ठणठणीत

हाजी शहातांच्या कचेरीतलं इंटरनेट सकाळीच झोपलं आणि ते दुरुस्त करायला आलेल्या वग्दीला वाटलं, आपलं नशीब जागं झालं.

"तुझ्या आईचे निरोप मला पोचलेत," हाजी गुरगुरले. "बंदरात माझी कोळंबी पडलीय. दुपारच्या अजानच्या आत कागद कस्टमला गेले नाहीत, तर तिचा वास सायप्रसपर्यंत जाईल. लाइन सुरू कर आणि गुरुवारी आईला घेऊन ये. फातिहा वाचून सोयरीक पक्की करू."

समोरच्या टेबलावर हाजींची मुलगी इनास भोपळ्याच्या बिया सोलत होती. तिने मान वर केली नाही.

एक वायर सैल होती. वग्दीने ती गुपचूप घट्ट केली. काम खरं तर तिथेच संपलं; पण चुटकीसरशी सुटणाऱ्या कामावर जावई कोण करून घेतो? त्याने घसा खाकरून जाहीर केलं, "लूपबॅक चाचणी करावी लागेल!"

"म्हणजे काय रे?"

"विहिरीत हाक मारायची, हाजी. आपलाच आवाज स्वच्छ परत आला, की तिथपर्यंत सगळं ठीक."

त्याने टेबलाखालच्या इंटरनेटच्या पेटीत लूप, म्हणजे गेलेला संदेश तसाच परत फिरवणारी छोटी वायर, लावला आणि लाइनच्या कंपनीत रिफअतला फोन करून तो स्पीकरवर टाकला.

"आमच्याकडून ठणठणीत आहे, इंजिनिअरसाहेब," रिफअत म्हणाला. "दोष तुमचा."

"माझा? तुम्ही लूप लावा, मी बघतो!" तिकडे लूप लागला. "बघा! ठणठणीत! दोष तुमचाच!"

"आमची लाइन तुपासारखी आहे, साहेब."

"आणि माझी पेटी काय आंबलेल्या ताकासारखी?"

"तुपाताकाचं राहू द्या!" हाजी ओरडले. "सगळं ठणठणीत, तर कागद का जात नाहीत?"

इनासने बीचं सालपट थुंकलं. "दोघांनाही आपापलाच आवाज ऐकू येतोय ना? मग एकमेकांचं ऐकतंय कोण?"

वग्दीच्या ध्यानात आलं. लूप लावले दोघांनी, काढला कोणीच नव्हता. तो पेन उचलायच्या मिषाने टेबलाखाली वाकला आणि आपला लूप काढून त्याने खिशात कोंबला.

"हाजी," तिकडून रिफअत म्हणाला, "माफ करा. मी माझा लूप काढायलाच विसरलो. चूक माझी."

लाइन सुरू झाली. कागद गेले, कोळंबी वाचली. वग्दी विजयी मुद्रेने सरळ झाला. पण हाजी फोनकडेच बघत होते.

"साठी उलटली माझी," ते गहिवरून म्हणाले, "पण 'चूक माझी' म्हणणारा पुरुष आज पहिल्यांदा भेटला. बेटा, तुझं लग्न झालंय का?"

"नाही, हाजी."

"मग गुरुवारी आईला घेऊन ये."

वग्दी फोनच्या आडवा आला. "हाजी! चूक माझीसुद्धा आहे! हा बघा, माझा लूप खिशात आहे!"

"राहू द्या हो," रिफअत म्हणाला. "मुख्य चूक माझीच."

"अरे हट्! लाइन मघाशीच सुरू झाली होती, मी ती मुद्दाम बंद पाडली! तुझी चूक माझ्या चुकीच्या पासंगालासुद्धा पुरणार नाही!"

"मी तर गेल्या आठवड्यात अख्खा मोहल्ला बंद पाडला होता, साहेब!"

हाजींनी हताश होऊन मुलीकडे पाहिलं. "आता ठरवायचं कसं, गं?"

इनासने नवी बी दाताखाली धरली. "घाई कशाला, बाबा? चालू द्या. मला असंच भांडण जन्मभर ऐकायचंय."