मानपानाच्या साड्या आणि अनुपचा पदर

वाशीमच्या पाटणी चौकातलं डांबर फाल्गुनाच्या उन्हानं मऊ पडायला लागलं, त्याच आठवड्यात अनुपच्या दुकानात ‘स्प्रिंग कलेक्शन’ आलं. सुरतेहून साड्यांचे गठ्ठे आले, नागपूरहून बिनमुंडक्याच्या चार बाहुल्या आल्या, काचेचं दार बसलं, एसी बसला आणि छताला पिवळेधमक दिवे लागले. साड्यांचे रंग इतके फिकट होते की पिस्ता कुठला आणि मोतिया कुठला, हे सांगायला अनुपची बायको वैभवी लागायची. निवडही तिचीच होती.

अनुपच्या वडिलांनी, देवमननी, उभा जन्म हिरव्या-लाल साड्या विकण्यात घालवला होता. त्यांची पद्धत साधी होती. गिऱ्हाईक अडखळलं की ते स्वतःच उभे राहत, धोतरावर निऱ्या खोचत, पदर खांद्यावर टाकत आणि मिशांसकट गर्रकन वळून दाखवत. अर्ध्या तालुक्यातल्या नवरींचे शालू आधी देवमननी नेसलेले होते. अनुपला लहानपणापासून याची भयंकर लाज वाटे. बाहुल्या आल्या त्याच दिवशी त्यानं वडिलांना सांगून टाकलं, “बाबा, आता हे अंगावर साडी गुंडायनं बंद. शोरूम हाय आपली.”

देवमन भांडले नाहीत. त्यांनी फक्त एक अट घातली. पाडव्यापर्यंत हा माल खपला तर गादी अनुपची. नाही खपला तर बाहुल्या माळ्यावर आणि हिरवा-लाल माल पुन्हा खाली.

होळी झाली, रंगपंचमी झाली, माल जागचा हलला नाही. बाया यायच्या, एसीत घाम वाळवायच्या, साड्या चिवडायच्या आणि विटलेल्या दिसतात म्हणून निघून जायच्या. देवमन मागच्या खुर्चीत सुपारी कातरत माळ्यावर किती जागा आहे याचा अंदाज घेत बसलेले असत.

अशात एका दुपारी रिठदच्या गोजराबाई चार बायकांना घेऊन आल्या. त्यांच्या लेकीचं लग्न ठरलं होतं. मुलाकडच्या झाडून सगळ्या बायकांना मानाच्या साड्या द्यायच्या होत्या, आणि पुढचे रुसवेफुगवे टाळायला सगळ्या एकाच जातीच्या हव्या होत्या. एवढा माल एका दमात जाणार म्हटल्यावर अनुपला नजरेसमोर गादीच दिसायला लागली. त्यानं स्वतः उठून पाणी दिलं.

गोजराबाईंनी बाहुल्या पाहिल्या आणि तांब्या तसाच खाली ठेवला.

“शुभकामाले आलो बावा मी. ह्या मुंडकं उडवलेल्या बाया काहून उभ्या केल्या?”

“फॅशन हाय मावशी. आता सगळीकडं असंच असते.”

“अन् तोंडच नसलं तं साडी खुलली का नाही, हे समजन कसं? मानसाच्या अंगावर दाखव.”

वैभवी नेमकी माहेरी, आसेगावला गेलेली. गोजराबाईंसोबतच्या बायका दुसऱ्याच्या मानाची साडी अंगाला लावायला तयार नव्हत्या. तेवढ्यात मागच्या खुर्चीतून देवमन खाकरले आणि सुपारी बाजूला ठेवून म्हणाले, “मी दाखवू काय?”

ते उठले असते तर गादी जन्मभर त्यांच्याचकडे राहिली असती. अनुपनं झडप घालून पिस्ता रंगाची साडी उचलली आणि जीन्सवर निऱ्या खोचल्या. बालपणापासून पाहिलेलं असल्यामुळे निऱ्या एकसारख्या पडल्या, आणि याचाच त्याला जास्त राग आला.

गोजराबाई त्याच्याभोवती फेरी मारून म्हणाल्या की या दिव्यात तर म्हैसबी गोरी दिसन, उन्हात चल. बाईनं साडीचा रंग उन्हात पाहायचा ही वऱ्हाडातली रीतच आहे, आणि तिच्यापुढे काचेचं दार आणि एसी यांचं काही चालत नाही. अनुप पदर सावरत फुटपाथवर आला. दोन ऑटो थांबले. अनुपच्या वर्गातला राजपाल आता कोर्टात वकिली करतो. त्यानं गाडी बंद केली, काळा कोट काढून हातावर घेतला आणि सावलीत सावकाश उभा राहिला. त्याला कुठेही जायची घाई दिसत नव्हती.

रंग गोजराबाईंना बरा वाटला. पण मान ज्यांना द्यायचा त्या विहीणबाईंना, कमलीबाईंना, दाखवल्याशिवाय सौदा होणार नव्हता. त्यांनी तिथंच व्हिडिओ कॉल लावला. कमलीबाई आसेगावच्या. हे ऐकताच अनुप दाराकडे सरकायला लागला, कारण सासरी त्यानं आपल्या शोरूमची अशी काही वर्णनं केली होती की तिकडची माणसं वाशीमला मॉल झाला असं समजून होती.

“डोक्शावर पदर घेऊन दाखवा,” फोनमधून कमलीबाई म्हणाल्या. “आमच्या घरी बिनपदराचं चालत नाही.”

अनुपनं पदर घेतला. पुढून दाखवलं, मागून दाखवलं, बसून दाखवलं. कमलीबाईंच्या मागे शेजारपाजारच्या बाया जमत गेल्या आणि त्या घोळक्यातून एक ओळखीचा चेहरा पुढे आला. ती त्याची सासू होती, भागिरथाबाई. त्यांच्या खांद्यामागे वैभवी मोबाईल उंच धरून शूटिंग करत होती.

जावई समोर आला की घ्यायचा म्हणून भागिरथाबाईंनी चटकन पदर पुढे ओढला. सासूनं ओढला म्हणून अनुपनंही ओढला. मग बराच वेळ फोनवर दोन्हीकडून नुसते पदरच दिसत राहिले.

“बरे हायत ना जावईबापू?” एका पदरातून आवाज आला.

“बरा हाय,” दुसऱ्या पदरातून आला.

राजपालनं कोटात तोंड खुपसलं. गोजराबाईंना मात्र या नात्यागोत्याशी कर्तव्य नव्हतं. त्यांनी फोन स्वतःकडे वळवला आणि निकाल दिला, “ईनबाई, ह्या दाढीवाल्यावर खुलली, तं आपल्या बायांवर काहून नाही खुलनार?”

हा मुद्दा आसेगावला पटला. शिवाय गावच्या जावयानं भर उन्हात स्वतः नेसून दाखवलेली साडी नाकारायची म्हणजे भागिरथाबाईंचा अपमान. पिस्ता सगळा गेला. पिस्ता पुरेना म्हणून मोतियाही गेला. राहिली फक्त अनुपच्या अंगावरची एक. ती गोजराबाईंनी दोन बोटांनी बाजूला सारली. नेसलेली साडी मानाला चालत नाही, असं त्या म्हणाल्या.

वैभवीनं काढलेला व्हिडिओ संध्याकाळपर्यंत रिसोडपासून कारंज्यापर्यंत फिरला. पाडव्याच्या आत बाकीच्या रंगांचं ‘स्प्रिंग’ही संपलं आणि सुरतेला पुन्हा फोन गेला. देवमन शब्दाचे पक्के. पाडव्याला त्यांनी गादीवर नवी चादर घातली, हळदीकुंकू वाहिलं आणि अनुपला हात धरून बसवलं. अनुपला भरून आलं.

तो नीट टेकतो न टेकतो तोच दार उघडलं आणि मंगरूळपीरच्या पाचसहा बाया आत आल्या.

“नेसून दाखवते ते मालक कुठी हायत?”

अनुप उठला. त्यानं त्याच पिस्ता साडीच्या निऱ्या खोचल्या आणि उन्हाकडे निघाला. गादी रिकामी राहू नये म्हणून देवमन तिच्यावर जाऊन बसले, अडकित्ता काढला आणि मुलाला पाठमोरं न्याहाळत म्हणाले, “पदर सारखा कर रे. शोरूम हाय आपली.”