पालकांना घेऊन या

शाळेतली मुलं गणिताच्या सरांना ‘दुर्बीण’ म्हणत आणि सरांना ते ठाऊक असून मनातून आवडतही असे. परीक्षेत ते समोर उभे राहिले की मान वळवायची कुणाची छाती होत नसे. कॉपी सापडली की एकच शिक्षा, "उद्या पालकांना घेऊन ये." तीस वर्षं हा दरारा टिकला आणि परवाच्या चाचणीत सरांनी खुंटीवर टांगलेल्या रेनकोटला दम भरला. "ए लंबू, उभा का? बस खाली!" असं तीनदा म्हटल्यावर जो हशा पिकला, तो थेट मुख्याध्यापिकाबाईंच्या कानावर गेला.

"डोळे तपासून दाखला आणा," बाई म्हणाल्या. "नाहीतर वार्षिक परीक्षेत तुम्ही ऑफिसात बसून उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधायचे."

दुर्बिणीनं गठ्ठे बांधायचे! "वाचनालयात जाऊन येतो," अशी बायकोला थाप मारून त्यांनी डोळ्यांचा दवाखाना गाठला.

आत एक आजी तक्ता वाचत होत्या. डॉक्टरांचा आवाज बाहेर येत नव्हता, पण आजींचा खणखणीत होता. "चार! नऊ, दोन! सहा, पाच, एक!" तक्ता आकड्यांचा, आणि आकडे तर सरांच्या हातचा मळ. बाकावर डोळे मिटून त्यांनी ओळीमागून ओळ डोक्यात साठवली. ही कॉपी नव्हे, पूर्वतयारी, असं स्वतःला दोनदा बजावलंही. चौथ्या ओळीला आजी अडखळल्या. "सात, दोन... आठ, आठच असेल!" पण शेवटची ओळ त्यांनी घडाघडा म्हटली. या वयात काय ही नजर, सरांना कौतुक वाटलं.

सरांची पाळी आली. डॉक्टर तरुण असावेत, निदान धूसर आकार तरी तरुण होता. एक डोळा झाकून सरांनी समोर पाहिलं. तक्त्यावर त्यांना मुंग्यांची रांग दिसली.

"चार," सर ठणकावून म्हणाले. "नऊ, दोन. सहा, पाच, एक." न थांबता ते तळाला पोहोचले आणि शेवटची ओळ आजींपेक्षाही वेगात म्हणून मोकळे झाले.

डॉक्टर घसा खाकरून म्हणाले, "सर, तळच्या ओळीत सातच आकडे आहेत. तुम्ही दहा वाचलेत."

"माझी नजर पहिल्यापासूनच तीक्ष्ण आहे."

"आणि ते दहा म्हणजे," डॉक्टरांनी टेबलावरचा कागद उचलला, "आत्ता गेलेल्या आजींचा मोबाईल नंबर आहे. मी तो लिहून घेत होतो."

सरांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"शिवाय चौथ्या ओळीतल्या तीनला आजी आठ म्हणाल्या, तुम्हीही आठच म्हणालात. ‘चूकही सारखी, म्हणजे कॉपी!’ हे कुणाचं वाक्य, सर?"

"तू... दहावी ब?"

"शेवटचा बाक. मला फळा दिसायचा नाही, म्हणून शेजाऱ्याच्या वहीत डोकावायचो."

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"आज तुम्ही का नाही बोललात?"

"भीती वाटली रे," सर म्हणाले. "दिसत नाही म्हटलं, की मला मोडीतच काढतील."

डॉक्टरनं त्यांच्या नाकावर तपासणीची चौकट ठेवली, भिंगं बदलली, आणि मुंग्यांचे आकडे झाले. सरांनी ते सगळे, खरे, अगदी शेवटपर्यंत वाचले.

"आता पडदा तपासायला थेंब घालतो. दोन-चार तास धूसर दिसेल. एकटं घरी जायचं नाही."

"मी जाईन कसातरी."

"नाही सर. पालकांना घेऊन या."

फोन गेला आणि अर्ध्या तासात बायको हजर झाली. "वाचनालयात आज थेंब घालतात वाटतं?" तिनं आल्या आल्या विचारलं. आणि लगेच म्हणाली, "अहो, सहा महिने ठाऊक आहे मला. दुपारी तुम्ही झोपलात की तुम्ही तपासलेल्या पेपरांतल्या बेरजा मीच गुपचूप दुरुस्त करते."

पडदा ठीक होता. ‘चष्म्यासह परीक्षेवर देखरेख करण्यास योग्य’ असा दाखला लिहून डॉक्टरनं तो सरांच्या हाती ठेवला आणि गंभीर चेहऱ्यानं बायकोकडे वळला.

"म्हणजे काकू, यांना कॉपी तुम्ही पुरवत होतात. आता तुमच्या पालकांना कुठून बोलवायचं?"

"बोलवायचं कशाला? हे काय, बसलेत समोर," बायको म्हणाली आणि पालकांना हाताला धरून घरी घेऊन गेली.