पापणीवरील आकाशगंगेची मोहीम

आधी रंगास, मग उजेडास आणि सरतेशेवटी बसविले तैशा बसणाऱ्या समस्त धाकट्या बहिणींस वंदन करोन ही हकिकत लिहिली. काचेतले चित्र पाहोन कोणी "त्यात काय एवढे" म्हणू नये, इतकाच हेतू.

वर्तमान ऐसे जे, पार्लरच्या मालकीणबाई, कात्रीबहाद्दर, यांचे दुकानी दर्शनी काचेत एका नवरीचे चित्र फार दिवस ठाण मांडोन होते. उन्हाने तिचा मुखडा हिरवा जाहला, तरी गादी सोडीना. बाईंचे पदरी थोरल्या ताईसाहेब, हयातभर नवऱ्या रंगवोन विटलेल्या, त्यांचे मनी आले की एकवार आपली करामत काचेत लागावी. बाईंनी फर्मान काढिले की, डोळ्याचे ऐसे चित्र आणावे की रस्त्याने जाणारा थबकेल. न साधल्यास निमूट नवऱ्या रंगवाव्या आणि हा विषय पुनश्च काढू नये. मग ताईसाहेबांनी विडा उचलिला आणि पापणीवर अवघी आकाशगंगा उतरविण्याचा मनसुबा केला.

कुमकेस त्यांचे यजमान, कॅमेराबहाद्दर भावोजी, ज्यांची उमर पासपोर्टचे फोटो काढण्यात खर्ची पडली. मॉडेल म्हणोन धाकटी बहीण मुक्रर जाहली, कारण ती फुकट होती. या धाकटीस झोपेत डोळे अर्धे उघडे राहण्याची खोड, सबब ती दुपारी निजली आणि पाहुणे आले तर घरचे लोक तिचे तोंडावर चादर ओढीत आणि वर हसत. तिने तहात एकच कलम घातले की, बसता बसता डुलकी लागल्यास कोणी हसू नये. उभयतांनी शपथा वाहिल्या.

मग खिडकीस काळी चादर लाविली आणि इस्त्रीचे टेबलावर निळा, जांभळा, चंदेरी ऐसा सरंजाम मांडिला, आणि दात घासण्याचे जुन्या ब्रशाने पांढरा रंग शिंपडोन तारे उत्पन्न केले, त्यांपैकी निम्मे भावोजींचे चष्म्यावर उगवले. परंतु नवऱ्यांस "मीट डोळे" म्हणण्याची ताईसाहेबांस जन्माची सवय, त्यामुळे सारे विश्व मिटल्या पापणीवर रचिले गेले. काम फत्ते समजोन डोळा उघडण्याचा हुकूम सुटला, तो पापणीची घडी पडोन आकाशगंगा तारकांसह गडप!

"अगं, गेलं कुठे सगळं?" ताईसाहेब ओरडल्या.

"माझ्या डोळ्यात. चुरचुरतंय."

भावोजींनी, ज्यांचे अकलेस ऐसे प्रसंगीच पालवी फुटे, डोळा अर्धा उघडण्याची तजवीज सुचविली. धाकटीने शिकस्त केली, परंतु चोरी धरू पाहणाऱ्या सासूसारखी मुद्रा येई आणि पापणी फडफडे. मिटला डोळा तर डोळा कसला, आणि उघडला तर तारे कोठले! ताईसाहेबांस रडू कोसळले. आता जन्मभर नवऱ्याच, ऐसे बोलोन त्या चहा ठेवण्यास निघोन गेल्या आणि भावोजी मागोमाग गेले.

चहा घेऊन परतोन पाहतात, तो धाकटी खुर्चीतच घोरते आहे, डोळे नेहमीप्रमाणे अर्धे उघडे. वर आकाशगंगा जैशी रचिली तैशी आणि खाली बुबुळाची चंद्रकोर. भावोजींनी कधी नव्हे ते हसण्याआधी कॅमेरा उचलिला.

आवाजाने धाकटी जागी जाहली. "हसलात ना?"

"नाही गं बाई," ताईसाहेब डोळे पुशीत म्हणाल्या. "तू झोप. अशीच झोप!"

चित्र दरबारी पेश होताच मालकीणबाईंनी निवाडा दिला की, मॉडेलचे नजरेत केवढे सखोल चिंतन आहे, ऐसी नजर तपश्चर्येवाचून येत नाही.

येणेप्रमाणे हिरवी नवरी तख्तावरोन उतरली, काच काबीज जाहली आणि रस्त्याने जाणारे थबकू लागले. त्याच हप्त्यात पाहुणे आले असता धाकटी बैठकीचे खोलीत, सर्वांदेखत, उशी घेऊन आडवी जाहली. कोणी चादर ओढिली नाही. मोहीम फत्ते जाहली, ऐसे नमूद असे.