धाकट्या जावयाची बोटं

"आमच्या धाकट्या जावयांची बोटं बघा, तारांवर कशी फिरतात!" दातांच्या डॉक्टरची बायको भर जेवणात, सगळ्या माहेरच्यांसमोर म्हणाली आणि डॉक्टरने उचललेला घास ताटात परत ठेवला. थोरला जावई तो. बोटं त्यालाही होती. त्याच बोटांनी त्याने सासऱ्याला कवळी बसवली होती, आणि त्या फुकटच्या कवळीतून सासरा आता साडूला "वा! वा!" करत होता. जळणार नाही तर काय करणार माणूस?

साडूची गिटार साधी होती. म्हणून डॉक्टरने वायर जोडून वाजवायची गिटार घ्यायचं ठरवलं. वाजवायचं नंतर बघू, आधी साडूचं नाक कापू.

दुकानातल्या विक्रेत्याने विचारलं, "साहेब, नखीने वाजवता की बोटांनी?"

"बोटांनी. माझं सगळं कामच बोटांचं."

"मग फिंगरस्टाइलसाठी ही बघा. मान रुंद आहे, तारा एकमेकींपासून लांब आहेत, बोटं एकमेकांत अडकणार नाहीत. आत आवाज उचलणारा पिकअप आहे. अँपला, म्हणजे या स्पीकरच्या खोक्याला जोडा, हळू छेडलं तरी मागच्या खुर्चीपर्यंत ऐकू जाईल. वाजवून बघा ना."

"मला येत नाही," एवढं म्हटलं असतं तर सगळं तिथेच संपलं असतं. पण तोंड उघडायला लावायची सवय असलेल्या माणसाला स्वतःचं उघडणं जड जातं. त्याने खिशातून दांडीचा छोटा आरसा काढला, गिटारच्या भोकात घातला आणि टॉर्च मारला.

"काय करताय साहेब?"

"आतून बघतोय. वरून सगळ्याच छान दिसतात." त्याने चिमट्याने गिटारच्या पाठीवर टकटक केलं, एक तार ओढली. ती कण्हली, तसं सवयीने त्याच्या तोंडून गेलं, "दुखतंय का?"

विक्रेत्याने घाईघाईने गिटार बांधून दिली.

उजव्या हाताची नखं वाढवावी लागतात, असं कुणीतरी सांगितलं. डॉक्टरने वाढवली. रबरी हातमोजे फाटायला लागले. "डॉक्टर, टोचतंय!" म्हणत एक बाई खुर्चीतून उठून, गळ्यातल्या टॉवेलसकट घरी गेली. घरी अँप लावला तर त्यातून अशी किंकाळी निघाली की वरचे शेजारी विचारायला आले, "दवाखाना घरी आणला का?"

शेवटी बायको म्हणाली, "गिटार बिचारी रडतेय हो. जाणत्याच्या हातात द्या. बोलावते मी त्यांना."

साडू आला. बसला. छेडलं. बायको समोरची खुर्ची ओढून बसली. "दादा, निवड करावी तर तुम्ही! आता माझी हातात धरवणार नाही."

झालं. साडू दर रविवारी यायला लागला. सासरा येई, वरचे शेजारीही येत. बायको समोरच्या खुर्चीत गालावर हात ठेवून बसे. वाजणारी गिटार डॉक्टरची, वाहवा साडूची, आणि चहा? तोही डॉक्टरनेच करायचा. आग स्वतःच लावली होती, आता तिच्यावर आधण ठेवत होता.

एका रविवारी साडूबरोबर आलेली त्याची बायको, डॉक्टरची मेहुणी, स्वयंपाकघरात आली आणि दार लोटून ओट्याला टेकली. "भाऊजी, केवढे उपकार केलेत! आमच्या घरातली गिटार बंद झाली, आता माणसाचं बोलणं ऐकू यायला लागलंय. लग्न झाल्यापासून माझं एक वाक्य पुरं होऊ दिलं नाही त्या तारांनी."

डॉक्टरने तिचं वाक्य पुरं होऊ दिलं. मग पुढचंही. मग तिने विचारलं म्हणून दुकानातला आरसा सांगितला. मेहुणी एवढी हसली की तिला ओटा धरावा लागला.

बाहेर एक सूर चुकला. मग दुसरा. मग गिटार थांबलीच.

दार उघडलं. साडू उभा होता. "काय चाललंय एवढं हसायला?" त्याच्या मागून बायकोने मान काढली. "हो ना, आम्हालाही कळू दे!" नवऱ्याकडे असं तिने कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

"काही नाही, चहा करतोय," डॉक्टर म्हणाला.

"द्या इकडे, मी गाळतो." साडूने त्याच्या हातून गाळणं ओढलं. "तुम्ही बाहेर बसा, दादा."

"ते कशाला? मी बसते ना यांच्याजवळ," म्हणत बायको आत घुसली.

बाहेरून सासरा ओरडला, "अरे, वाजवणार आहात की नाही कुणी?"

जागचं कुणीच हललं नाही. डॉक्टरने गाळणं हळूच परत घेतलं आणि गॅस बारीक केला. "थांबा. अजून उकळायचाय."